मेंदूच्या गाठीचं इमेज-गाइडेड ऑपरेशन: इंदूरची नातेवाईक मंडळी विचारतात ते प्रश्न

मी न्यूरोसर्जरीच्या ऑपरेशनांना भूल देते. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासायला जाते, तेव्हा सर्जनसाहेबांना विचारायला संकोच वाटलेले सगळे प्रश्न माझ्यापुढे येतात. रामबाग, सुदामा नगर, लोकमान्य नगर इकडची मराठी मंडळी असली की गप्पा वाढतात आणि प्रश्नही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. तुमच्या पेशंटबद्दलचा निर्णय अर्थातच त्याचा एमआरआय पाहिलेल्या डॉक्टरांचा.

इमेज-गाइडेड ऑपरेशनमधलं हे "नेव्हिगेशन" म्हणजे नक्की काय करतात?

ऑपरेशनआधी साधारण एक-एक मिलिमीटरच्या पातळ कापांचा एमआरआय काढतात. तो कॉम्प्युटरमध्ये घातला की डोक्याची त्रिमिती प्रतिमा तयार होते. गाठ, मोठ्या रक्तवाहिन्या, हातापायांच्या हालचालींचे तंतू हे सगळं सर्जन त्या प्रतिमेत वेगवेगळ्या रंगांनी आखून ठेवतात. ऑपरेशनच्या दिवशी भूल दिल्यावर डोकं क्लॅम्पमध्ये पक्कं धरतात आणि क्लॅम्पला एक छोटी चौकट जोडतात. तिच्यावर प्रकाश परतवणारे छोटे गोळे असतात आणि थोड्या अंतरावर उभा असलेला इन्फ्रारेड कॅमेरा त्यांच्याकडे सतत बघत असतो. मग सर्जन पॉइंटर नावाची टोकदार कांडी पेशंटच्या कपाळावरून, नाकाच्या उंचवट्यावरून, डोळ्यांच्या कडेनं फिरवतात. कॉम्प्युटर खरा चेहरा आणि एमआरआयमधला चेहरा एकमेकांवर बसवतो. याला रजिस्ट्रेशन म्हणतात. त्यानंतर पॉइंटर जिथे टेकेल ती जागा पडद्यावर तिन्ही बाजूंनी दिसते.

लगेच कोणी कापायला घेत नाही. नाकाच्या मुळाशी, कानापुढच्या उंचवट्यावर पॉइंटर टेकवून पडद्यावरही तीच जागा येते ना, हे पाहतात. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर रजिस्ट्रेशन पुन्हा. बाहेर बसलेल्यांना वाटतं, आठला आत नेलं आणि दहा वाजले तरी "सुरू झालं" असा निरोप का नाही! तो वेळ या कामात जातो.

उपयोग असा की त्वचेवरचा छेद आणि हाडाची खिडकी नेमक्या जागी, लागेल तेवढीच घेता येते आणि आत शिरायची वाट आधी ठरवता येते.

हे सगळं नवीनच आहे का? पूर्वी कसं करत?

पूर्वी बरंचसं अंदाजानं. १९१९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर डँडी यांनी पाठीच्या कण्यातून हवा भरून मेंदूचे एक्स-रे काढायची पद्धत सांगितली. त्यात पेशंटचं डोकं भयंकर दुखायचं आणि गाठ प्रत्यक्ष दिसायचीच नाही, तिनं ढकललेल्या पोकळ्या तेवढ्या दिसायच्या. १९७१ साली लंडनजवळ विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिला सीटी स्कॅन झाला, तोसुद्धा मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका बाईचा. १९८६ मध्ये डार्टमथच्या डेव्हिड रॉबर्ट्स यांनी स्कॅनमधलं चित्र ऑपरेशनच्या सूक्ष्मदर्शकाशी जोडून दाखवलं. आज जे मशीन तुम्हाला नवीन म्हणून सांगितलं जातं त्याचं मूळ तिथलं.

आईचा एमआरआय गेल्याच आठवड्यात झाला. आता परत काढायला सांगतात. हा पैसे काढायचा धंदा नाही ना?

बहुतेक वेळा नाही. निदानासाठीच्या एमआरआयमध्ये काप जाड असतात, दोन कापांत अंतर असतं, आणि कधी नाक किंवा कान चौकटीबाहेर राहतात. नेव्हिगेशनला सलग पातळ काप आणि पूर्ण चेहरा लागतो. पहिला एमआरआय त्या पद्धतीनं काढलेला असेल तर तोच चालतो, म्हणून आधी विचारा.

आणि कृपा करून फिल्म घेऊन येऊ नका! मोठ्या पाकिटातल्या त्या काळ्या फिल्म सर्जनला बघायला बऱ्या, पण कॉम्प्युटरला त्यांचा उपयोग नाही. सेंटरमधून सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइली मागून घ्या, आणि ती सीडी उघडते का हे दोन दिवस आधी हॉस्पिटलमध्ये दाखवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटोही चालत नाही.

काही ठिकाणी एमआरआयच्या वेळी कपाळावर आणि डोक्यावर गोल स्टिकर चिकटवतात. ते ऑपरेशनपर्यंत तसेच राहू द्यायचे. घरी गेल्यावर काकूंनी मायेनं तेल लावून डोकं चोळलं आणि स्टिकर निघाले, तर एमआरआय परत.

डोक्याला खिळे ठोकतात असं ऐकलं. खरं आहे?

ठोकत नाहीत. क्लॅम्पला तीन टोकदार पिना असतात, त्या त्वचेतून जाऊन कवटीच्या बाहेरच्या थरावर घट्ट टेकतात. हे पेशंट झोपल्यावर होतं, आणि त्या जागी सुन्न करायचं इंजेक्शनही देतो. नंतर तीन बारीक खुणा दिसतात, त्या भरून येतात. डोकं केसभरही हललं तर रजिस्ट्रेशन वाया जातं, म्हणून हा खटाटोप.

रोबो ऑपरेशन करतो का?

नाही. हात सर्जनचेच.

मशीन एवढं अचूक, तर गाठ थोडी राहतेच कशी?

मेंदू पाण्यात तरंगत असतो. कवटी उघडून मेंदूवरचं आवरण कापलं की ते पाणी वाहून जातं, आम्ही औषधांनी सूज उतरवलेली असते, गाठीचा काही भाग निघालेला असतो, आणि मेंदू खाली बसतो. ताकावर तरंगणारा लोण्याचा गोळा ताक ओतून घेतल्यावर तळाशी टेकतो, तसंच. पडद्यावरचं चित्र मात्र ऑपरेशनआधीच्या एमआरआयचंच राहतं. हा फरक काही मिलिमीटरचा असतो, कधी सेंटिमीटरचा किंवा त्याहून जास्तही. म्हणजे नेव्हिगेशन सुरुवातीला सगळ्यात खरं आणि शेवटी, म्हणजे गाठीची कड शोधताना, सगळ्यात कमी भरवशाचं. पिट्युटरीच्या (मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीच्या) किंवा कवटीच्या तळाच्या गाठींत ही अडचण कमी येते, कारण तिथल्या खुणा हाडांच्या असतात आणि हाड हलत नाही.

माझ्या मते घरच्यांनी समजून घ्यायची मुख्य गोष्ट हीच. "नेव्हिगेशन आहे ना?" असं सगळे विचारतात. मेंदू सरकल्यावर तुम्ही काय वापरता, हे क्वचितच कोणी विचारतं. उत्तरं साधारण चार असू शकतात.

पहिलं, ऑपरेशन चालू असताना सोनोग्राफी. छोटा प्रोब मेंदूवर ठेवला की त्या क्षणीचं चित्र मिळतं. स्वस्त आणि जलद, पण चित्र वाचायला सराव लागतो.

दुसरं, ऑपरेशन थिएटरमध्येच एमआरआय. बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलात १९९४ पासून हे सुरू झालं. चित्र उत्तम, पण खर्च फार आणि वेळही जातो. भूल देणाऱ्यांना तर सगळी यंत्रं चुंबकाला चालणारी लागतात.

तिसरं, गाठ चमकवणारं औषध. ५-एएलए नावाचं औषध भूल देण्याआधी साधारण तीन तास पाण्यात मिसळून पाजतात. आक्रमक ग्लायोमाच्या (मेंदूच्याच आधार-पेशींतून वाढणाऱ्या गाठीच्या) पेशी निळ्या प्रकाशात गुलाबी-लाल दिसतात. जर्मनीत झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एमआरआयवर दिसणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण या औषधानं ६५ टक्के होतं, नेहमीच्या प्रकाशात ३६ टक्के. हे औषध दिलं की पुढचे २४ तास पेशंटला तीव्र उजेडापासून जपावं लागतं. वॉर्डात पडदे ओढलेले दिसले तर म्हणून. दुसरा पर्याय फ्लुरेसीन. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीत वापरतात तेच, बरंच स्वस्त. लघवी पिवळीधमक होते, घाबरू नका.

चौथं, पेशंटला जागं ठेवणं.

जागं ठेवून? बाबा तर इंजेक्शनलाही घाबरतात.

गाठ बोलण्याच्या किंवा हातापायांच्या केंद्राजवळ असेल तरच याचा विचार करतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत. दुखते ती डोक्याची त्वचा आणि मेंदूवरचं आवरण, ती आम्ही सुन्न करतो. बहुतेकदा सुरुवातीला पेशंट झोपलेला असतो, गाठीजवळ पोहोचल्यावर उठवतो, काम झालं की परत झोपवतो.

जागं असताना सर्जन मेंदूच्या पृष्ठभागाला काही मिलिॲम्पिअरचा बारीक करंट देतात आणि पलीकडे बसलेले आम्ही चित्रं दाखवतो: छत्री, कुलूप, कात्री, हत्ती. करंट दिल्यावर पेशंट अडखळला, शब्द सापडेना झाला, तर ती जागा राखायची. तिथे छोट्या आकड्याची चिठ्ठी ठेवतात. कधी करंटमुळे आकडी येते. मग मेंदूवर बर्फासारखं थंड सलाईन ओततात आणि ती बहुधा तिथेच थांबते. मॉन्ट्रियलच्या वाइल्डर पेनफील्ड यांनी जवळजवळ शतकापूर्वी रुळवलेली ही पद्धत आजही मोडीत निघालेली नाही, कारण त्या माणसाचं बोलणं नेमकं कुठे आहे हे एमआरआय खात्रीनं सांगत नाही.

आता इंदूरच्या मराठी घरांसाठी खास. आपली माणसं घरी मराठी बोलतात, दुकानात आणि ऑफिसात हिंदी, आणि हिशेब कोण जाणे कुठल्या भाषेत करतात! दोन भाषा येणाऱ्यांच्या मेंदूत काही जागा दोन्ही भाषांच्या असतात, तर काही एकीच्याच. १९७८ मध्ये ओजेमन आणि व्हिटेकर यांनी अशाच ऑपरेशनांत हे दाखवलं होतं. म्हणून चाचणी दोन्ही भाषांत व्हायला हवी. आदल्या दिवशी पेशंटला चित्रं दाखवून तो कुठली वस्तू कुठल्या भाषेत पटकन ओळखतो ते टिपतो, जी ओळखत नाही ती बाद. "आमच्या बाबांना हिंदी छान येतं, हिंदीतच करा" असं सोयीसाठी म्हणू नका. निवृत्तीनंतरचं त्यांचं सगळं बोलणं आईंशी आणि नातवंडांशी आहे, मराठीत. ऑपरेशनच्या वेळी मराठी बोलणारं कोणी आत असेल का, हे आधीच विचारून ठेवा.

फार घाबरट माणूस, सतत खोकला, खूप लठ्ठपणा, आधीच बोलता न येणं अशा पेशंटना जागं ठेवत नाही. तेव्हा झोपेतच नसांची तपासणी करत काम करतात, पण ती हालचालींसाठी. बोलणं झोपेत तपासता येत नाही.

गाठ मुळासकट निघाली ना? आम्हाला एवढंच सांगा.

हे गाठ कुठली यावर आहे. मेनिंजिओमा मेंदूच्या आवरणातून वाढतो, बहुतेकदा साधा असतो आणि वेगळा निघतो. कवटीच्या तळाशी नसांना चिकटलेला असला तर शहाणा सर्जन थोडा ठेवतो. ग्लायोमाला अशी कड नसतेच, त्याच्या पेशी चित्रात दिसतात त्यापलीकडे पसरलेल्या असतात. तिथे "पूर्ण निघाली" याचा अर्थ एमआरआयवर दिसणारा भाग निघाला, एवढाच. जास्त भाग निघाला तर साधारणपणे आयुष्य वाढतं, पण उजवा हात गमावून मिळवलेले शेवटचे पाच टक्के बहुतेकांना परवडत नाहीत. हे आधी बोलून ठेवावं. शिवणकाम करणाऱ्या मावशींना हात आणि वकिली करणाऱ्या काकांना बोलणं कितपत पणाला लावायचं, हे मशीन ठरवत नाही.

आणि सरळ सांगायचं तर नुसत्या नेव्हिगेशनमुळे आयुष्य वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. नेदरलँड्समधली २००६ ची एक छोटी चाचणी तर गाठ जास्त निघते असंही दाखवू शकली नाही. तरी मला विचाराल तर खोलवरच्या, छोट्या गाठीला ते असलेलंच बरं. वरवरच्या मोठ्या गाठीला नसलं तर अडून बसू नका.

कॅन्सर आहे का, हे एमआरआय पाहून सांगत का नाहीत?

अंदाज सांगतात, नाव पॅथॉलॉजी देते. ऑपरेशन चालू असताना तुकडा पाठवून घाईचा रिपोर्ट येतो, पण पक्का रिपोर्ट यायला बरेच दिवस लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गीकरणात गाठीची जनुकीय तपासणीही धरली आहे, उदाहरणार्थ आयडीएच या जनुकाची. दिसायला सारख्या दोन गाठींचं पुढचं भवितव्य तिच्यामुळे वेगळं ठरतं, म्हणून ही तपासणी पैसे वाचवण्यासाठी टाळू नका. रिपोर्ट ग्लिओब्लास्टोमाचा, म्हणजे सगळ्यात आक्रमक ग्लायोमाचा, आला तर बहुधा सहा आठवडे रेडिएशन आणि सोबत टेमोझोलोमाइडच्या गोळ्या, हा उपचार २००५ पासून जगभर रुळला आहे. त्या वर्षीच्या मूळ चाचणीत रेडिएशनला गोळ्या जोडल्यावर आयुष्याचा मध्यांक (निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) साधारण १२ महिन्यांवरून साडेचौदा महिन्यांवर गेला. आकडा कडू आहे. विचारला म्हणून लिहिला.

सुई लावली की गाठ पसरते म्हणतात.

मेंदूच्या गाठीत या भीतीपोटी बायोप्सी (सुईनं तुकडा काढून तपासणं) टाळण्यात अर्थ नाही. खरा धोका रक्तस्रावाचा असतो, तो सर्जनला विचारा.

गॅमा नाइफनं चिरफाड न करता होईल ना?

नावात नाइफ असली तरी ती सुरी नाही, अनेक बाजूंनी एका बिंदूवर आणलेलं रेडिएशन आहे. साधारण तीन सेंटिमीटरपर्यंतच्या, कड स्पष्ट असलेल्या गाठींना ते चांगलं. गाठ लगेच नाहीशी होत नाही, वाढ थांबते किंवा हळूहळू आकसते. कवटीतला दाब वाढून उलट्या आणि डोकेदुखी सुरू असेल, किंवा गाठीचं नावच कळलेलं नसेल, तर ऑपरेशन आधी येतं.

इंदूरला करावं की मुंबईला न्यावं? सगळे म्हणतात टाटाला जा.

संध्याकाळी अवंतिका एक्स्प्रेस पकडली की सकाळी मुंबई, त्यामुळे आपल्याकडे हा विचार पटकन येतो. काही गाठी थांबू शकतात. छोटा मेनिंजिओमा असेल तर आठ-दहा दिवसांत दुसरं मत घेऊन या, काही बिघडत नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कॅन्सरच्या गाठींचा अनुभव मोठा आहे आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा राहायला आधार आहे. पण पेशंट पेंगुळलेला आहे, उलट्या होत आहेत, नजर अंधुक होते आहे, एक बाजू लुळी पडत चालली आहे, अशा माणसाला रात्रभर गाडीत घालू नका. सरकारी एमवाय हॉस्पिटल असो की गीता भवनकडचं खासगी, जवळ नेऊन आधी दाब कमी करून घ्या.

दुसरं, रेडिएशनचे सहा आठवडे. ऑपरेशन मुंबईत झालं तरी ते इंदूरला घेता येतं, हे घरी बसून ठरवा. रोज परळला जायला चुलतभावाच्या डोंबिवलीच्या घरी दीड महिना राहणं बोलायला सोपं असतं.

सर्जनला विचारायचं ते असं: अशा जागेच्या गाठी तुम्ही किती वेळा करता, मेंदू सरकल्यावर कड कशी ठरवता, ऑपरेशननंतर तीन दिवसांच्या आत एमआरआय करता का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. त्यानंतर काढलेल्या एमआरआयमध्ये उरलेली गाठ कुठली आणि ऑपरेशनच्या जखमेची चमक कुठली, हे सांगणं अवघड होतं.

आयुष्मान कार्ड चालतं का?

हॉस्पिटल योजनेत असेल आणि मंजुरी आधी घेतली असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. २०२४ पासून सत्तर किंवा त्याहून जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वेगळं कार्ड मिळतं. आजी-आजोबांचं काढून ठेवा, दुखणं यायची वाट पाहू नका. नेव्हिगेशनचे किंवा चमकणाऱ्या औषधाचे पैसे त्यात धरलेत का, हे हॉस्पिटलमधल्या आयुष्मान मित्राकडून (योजनेच्या मदतनीसाकडून) आधीच स्पष्ट करून घ्या. चौकशीचा नंबर १४५५५.

त्या दिवशी अमावस्या आहे. दोन दिवस पुढे ढकलू का?

सर्जन "थांबलं तर चालेल" म्हणाले असतील तर ढकला, माझी हरकत नाही. "लवकर करू" म्हणाले असतील तर भटजींना फोन करा, ते शास्त्रातून वाट काढून देतात. माझा अनुभव चांगला आहे.

ऑपरेशननंतर हात हलत नाही. काहीतरी चुकलं का?

लगेच तसा निष्कर्ष काढू नका. सूज असते, आणि हालचालींच्या केंद्रापुढच्या भागातली गाठ काढली तर काही दिवस ते आठवडे हातपाय आणि बोलणं मंद राहून परत येतं. पण आधी हलत होता आणि नंतर थांबला, किंवा पेशंट जास्त पेंगू लागला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठवा.

घरी आल्यावर कुठल्या गोळ्या बंद करायच्या?

तुमच्या मनानं एकही नाही. डेक्सामेथासोन सूज उतरवतं, पण एकदम बंद केलं तर शरीराला धक्का बसतो, हळूहळू कमी करतात. त्यानं साखर वाढते, तेव्हा मधुमेहींनी घरी रोज तपासावी आणि भेटीला आलेल्यांची जिलबी शेजाऱ्यांना द्यावी. आकडीच्या गोळीचा एक डोसही चुकवू नका. गाडी चालवायची परवानगी डॉक्टर देतील तेव्हाच.

डोक्यावरून अंघोळ, केस, रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक)?

हल्ली बऱ्याच ठिकाणी सगळं डोकं भादरत नाहीत, छेदापुरतेच केस काढतात. टाके निघेपर्यंत जखम कोरडी ठेवा. टाके काढल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं की साधा शाम्पू. केसांना रंग किंवा मेंदी जखम पूर्ण भरल्यावर. राजवाड्याच्या गेरमध्ये यंदा नको: टँकरचं पाणी, गुलाल, धक्काबुक्की आणि डीजे, यातलं काहीच ताज्या जखमेला आणि आकडीच्या पेशंटला मानवत नाही. गच्चीवरून बघा.